परत कुणाकडे? : अडकलेल्या पैशाचा एक लहानसा इतिहास

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या विभागातील एक विद्यार्थी दुपारच्या सुटीत आमच्या खोलीत आला. मूळचा भामरागड तालुक्यातला. शिक्षणासाठी गडचिरोलीत खोली करून राहणारा. पात्रता परीक्षेच्या तयारीसाठी त्याला एक मार्गदर्शक पुस्तक हवे होते. गावात मिळेना, म्हणून त्याने एका ऑनलाइन दुकानातून ते मागवले. किंमत ८६० रुपये. मोबाइल पुढे करून तो म्हणाला, "सर, पैसे तं कटले, पण तिथं पेंडिंगच दाखवून राह्यलं."

आम्ही पडद्याकडे पाहिले आणि जे उत्तर त्या क्षणी शहाणपणाचे वाटले ते दिले : नेट गेले असेल, पुन्हा करून पाहा. त्याने पुन्हा केले. पुन्हा ८६० रुपये वजा झाले आणि पुन्हा तेच उत्तर आले. दोन वेळचे मिळून १,७२० रुपये गेले. खात्यात दोनशेच्या आसपास उरले. खाणावळीचे पैसे द्यायची तारीख दोन दिवसांवर होती. तिकडे पर्लकोटेला पूर आलेला, भामरागडचा रस्ता बंद. घरून काही येण्याचा प्रश्नच नव्हता. खाणावळीचे आम्ही निभावून नेले. पहिली रक्कम चौथ्या दिवशी परत आली, दुसरी पाचव्या दिवशी. तोवर त्या दुकानातले पुस्तक संपले होते.

पैसे आल्याचे सांगायला तो आला तेव्हा आम्हांला सुटल्यासारखे वाटले. त्याला मात्र एक प्रश्न पडला होता. "सर, एवढे दिवस पैसे होते कुठं मग?"

साहित्य शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना या प्रश्नाचे उत्तर येत नव्हते. ते शोधत गेलो तेव्हा लक्षात आले की प्रश्न मोबाइलपेक्षा फार जुना आहे. पैसा एका हातातून सुटला आणि दुसऱ्या हातात पोचला नाही, तर मधल्या काळात तो कोणाचा? त्या काळाची जोखीम कोणी सोसायची? आणि व्यवहार फिसकटला तर पैसा परत जायचा कुणाकडे? प्रत्येक काळाने या तीन प्रश्नांची आपापली उत्तरे दिली आहेत. प्रस्तुत लेखात ती क्रमाने मांडण्याचा प्रयत्न आहे.

१

वैनगंगेच्या पूर्वेकडील या मुलखात बाजारहाट दीर्घकाळ वस्तुविनिमयावर चालला. चारोळी, मोहफूल, डिंक, हिरडा देऊन मीठ आणि कापड न्यायचे. मिठाच्या भारोभार चारोळी मोजून नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हकीकती येथील वृद्धांच्या तोंडून आजही ऐकायला मिळतात. त्या व्यवहारात लूट होती यात शंका नाही. पण एक गोष्ट त्यात नव्हती : 'प्रलंबित' नावाची अवस्था. देणे आणि घेणे एकाच क्षणी, एकाच ठिकाणी होई. फसवणूक मापात होई, वेळेत होत नसे. ज्या दिवशी पैसा कागदावर बसून प्रवास करू लागला, त्या दिवशी देण्याघेण्याच्या मध्ये वेळ शिरला आणि वेळेबरोबर चिंता शिरली.

त्या चिंतेचा बंदोबस्त हुंडीने किती बारकाईने केला होता हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. पेशवाईत वसुलाच्या रकमा हुंडीने पुण्याला येत. हुंडी दाखवताच पैसे द्यायचे असतील तर ती दर्शनी. ठरावीक दिवसांनी द्यायचे असतील तर मुदती. कोणाला पैसे द्यायचे यावरून शाहजोग, धनीजोग, नामजोग असे प्रकार. ज्या पेढीवर हुंडी लिहिली तिने ती मान्य केली म्हणजे हुंडी सकारली. मान्य केली नाही म्हणजे नकारली. नकारली गेली तर धारकाला मूळ रक्कम मिळेच, शिवाय नकराई म्हणून भरपाई मिळे. वाटेत हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिचे नाव पैठ. तीही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोका. ती पुन्हा चालू नये म्हणून रद्द करून ठेवायची. हुंडी नकारली जाण्याचे भय असेल तर सोबत जिकरी चिठ्ठी असे : अमुक पेढीने पैसे दिले नाहीत तर त्याच गावातल्या तमुक पेढीने आमच्या पतीवर द्यावेत.

यातील एकेक शब्द म्हणजे फसलेल्या व्यवहाराच्या एकेका प्रसंगाचे उत्तर आहे. पैठ आणि परपैठ यांचा अर्थ असा की एकाच रकमेचे तीन कागद फिरत असले तरी पैसे एकदाच द्यायचे. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही दिलेला सल्ला एखाद्या जुन्या गुमास्त्याने ऐकला असता तर त्याने कपाळावर हात मारला असता. पहिल्या हुंडीचे काय झाले हे न विचारता आम्ही त्याला दुसरी हुंडी लिहायला सांगितले होते. पैठ म्हणून नव्हे, अगदी नवी हुंडी.

इंग्रजी अमलात १८८१ साली पराक्राम्य दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हाही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना त्यातून वगळून ठेवण्यात आले. कायदा करणाऱ्यांना त्या रूढींची घडण पक्की वाटली असावी.

आपल्या संतचरित्रांनी तर या चिंतेचे दोन अविस्मरणीय प्रसंग जपून ठेवले आहेत. महिपतीच्या 'भक्तविजया'त (१७६२) नरसी मेहत्याची कथा आहे आणि दामाजीपंतांचीही आहे. नरसीने यात्रेकरूंकडून पैसे घेऊन द्वारकेच्या सावळशा शेटीवर हुंडी लिहून दिली. यात्रेकरू द्वारकेत पोचले. त्या नावाची पेढी कोणालाच ठाऊक नाही. हातात कागद आहे, पैसे देऊन झाले आहेत आणि समोरून उत्तर नाही. अखेर देवच सावळशा होऊन हुंडी सकारतो. आपण कीर्तनात ही कथा नरसीच्या बाजूने ऐकतो. द्वारकेच्या गल्ल्या पालथ्या घालणाऱ्या त्या यात्रेकरूंच्या बाजूने ती एकदा ऐकून पाहावी.

दामाजीपंतांच्या कथेत याच्या उलट आहे. मंगळवेढ्याचे सरकारी कोठार दुष्काळात लोकांना खुले केल्याबद्दल त्यांना बेदरला नेले जात आहे. तिकडे विठोबा विठू महाराच्या रूपाने बादशहापुढे उभा राहून सारी रक्कम भरतो आणि पावती घेतो. ती पावती दामाजीपंतांना आपल्या गीतेच्या पोथीत सापडते. म्हणजे पैसे पोचले आहेत, पण ज्याच्या नावावर देणे आहे त्यालाच ते ठाऊक नाही. पैसे भरण्याचा चमत्कार मोठा, यात वाद नाही. पण कथेने पावती विसरली नाही, हे आम्हांला अधिक अर्थपूर्ण वाटते. पावतीवाचून देवाने भरलेले पैसेही दरबारात पोचलेले ठरले नसते, ही व्यवहाराची जाण त्या कथाकारांपाशी होती.

२

हुंडी होती ती पेढ्यांच्या जगात. सामान्य माणसाचा पैसा दूरवर नेण्याचे काम केले टपालाने. भारतीय टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही.पी., सुरू केली. १८८० साली मनीऑर्डर आली. मनीऑर्डरीत पैसा माणसाकडे जाई. व्ही.पी.त वस्तू आधी जाई आणि पोस्टमन पैसे घेऊन ती हाती देई. आज ज्याला घरपोच रोखीचा व्यवहार म्हणतात आणि जो २०१० साली फ्लिपकार्टने सुरू केल्यावर ऑनलाइन दुकानदारीत रुळला, त्याचे मूळ या व्ही.पी.त आहे.

मराठी वाचनाच्या इतिहासात व्ही.पी.चे स्थान अजून कोणी नीट लिहिलेले आमच्या वाचनात नाही. जेथे पुस्तकाचे दुकान नाही अशा गावच्या वाचकाकडे ग्रंथ गेला तो बहुधा व्ही.पी.ने. चांदा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला बदलीवर आलेला शाळामास्तर, वनखात्यातला कारकून, मिशनचा कंपाउंडर, यांचे पोस्टकार्ड पुण्या-मुंबईला जाई आणि काही आठवड्यांनी पुडके येई. ते पुडके पैसे भरून 'सोडवावे' लागे. हा शब्दही पाहण्यासारखा आहे. गहाण सोडवावे, कैदी सोडवावा, तशी व्ही.पी. सोडवायची. त्या दिवशी हातात पैसे नसले तर पुडके काही दिवस पोस्टात पडून राही आणि मग आल्या वाटेने परत जाई. नियतकालिकांच्या संपादकांना या 'परत गेलेल्या व्ही.पी.'चे दुखणे चांगले परिचयाचे. जाण्याचा टपालखर्च अंगावर, अंक मळून परत, आणि वर्गणीदार कायमचा तुटलेला.

कायद्याने येथे कोणाची बाजू घेतली? १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम ३४ मध्ये व्ही.पी.ची तरतूद होती आणि तिला एक परंतुक जोडलेले होते : जोवर पैसे देणाऱ्याकडून वसूल झालेले नाहीत तोवर त्या रकमेबद्दल सरकारवर कोणतेही दायित्व नाही. याचा अर्थ असा की पैसे हाती पडेपर्यंतची जोखीम धाडणाऱ्याची. हाती पडल्यानंतरची टपालाची. मधली रेघ कोठे आहे ते एका वाक्यात स्पष्ट केलेले. पाठवणाऱ्याने खऱ्याखुऱ्या मागणीवरूनच वस्तू धाडल्याचे लिहून द्यावे, असेही बंधन पुढच्या कलमात होते. न मागितलेली व्ही.पी. गळ्यात मारण्याचे उद्योग तेव्हाही होत असणार.

मनीऑर्डरीच्या बाबतीत तोच कायदा बराच कठोर होता. कलम ४८ प्रमाणे, पाठवणाऱ्याने नाव-पत्ता अपुरा दिल्याने रक्कम भलत्याकडे गेली, किंवा टपालाच्या माणसाकडून अनवधानाने झालेल्या चुकीमुळे पैसे मिळायला उशीर झाला, तर सरकारवर दावा लावता येत नसे. उशिराची भरपाई नव्हती. होती ती एकच गोष्ट : पोच. घेणाऱ्याची सही किंवा अंगठा उमटलेला तो चिठोरा परत फिरून धाडणाऱ्याकडे येई. ज्या घरांत अक्षरओळख नव्हती तेथेही तो अंगठा ओळखला जाई. पैसे पोचले इतकेच त्याने कळत नसे. घेणारा हयात आहे, हातीपायी धड आहे, हेही कळे.

मनीऑर्डर आणि व्ही.पी. यांत आणखी एक साम्य होते. पुढे ते आपल्या उपयोगी पडणार असल्याने येथे नोंदवून ठेवतो. व्यवहार फसला की वस्तू किंवा रक्कम परत जाई ती पाठवणाऱ्याकडे. गावाला पूर आला, पोस्टमन पोचला नाही, घेणारा दुसऱ्या गावी मजुरीला गेला, कारण काहीही असो. पाठवणाऱ्याचे काही बुडत नसे. ज्याच्याकडे ते पोचायचे होते त्याचे काय, याचे उत्तर नियमांत नव्हते.

कागदी मनीऑर्डरीची जागा पुढे इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरीने घेतली. ही सेवा २००८ साली सुरू झाली होती. १८९८ चा कायदाही आता इतिहासजमा झाला आहे. नवा टपाल कायदा २०२३ साली संमत होऊन जून २०२४ मध्ये लागू झाला.

३

आता त्या ८६० रुपयांकडे वळू.

ऑनलाइन दुकानात पैसे देताना आपल्याला दोनच माणसे दिसतात, आपण आणि दुकान. प्रत्यक्षात मध्ये चार-पाच जण उभे असतात : आपले ॲप, आपली बँक, एका बँकेचा निरोप दुसरीकडे पोचवणारी मध्यवर्ती यंत्रणा, दुकानाच्या वतीने पैसे गोळा करणारी मध्यस्थ कंपनी आणि तिची बँक. यूपीआयच्या बाबतीत ती मध्यवर्ती यंत्रणा म्हणजे २००८ साली स्थापन झालेले राष्ट्रीय भुगतान निगम. यूपीआयची चाचणी एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या नोटाबंदीनंतर तिचा प्रसार झाला. निरोप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो आणि त्याचे उत्तर उलट्या वाटेने परत येते. जाताना निरोप तुटला तर पैसे वजाच होत नाहीत. तो सरळ अपयशी व्यवहार. पंचाईत होते ती उत्तर परत येताना तुटले तर. आपल्या बँकेने रक्कम वजा केलेली असते; पुढे ती जमा झाली की नाही याची पोच आलेली नसते. या अवस्थेला 'झाले' म्हणता येत नाही आणि 'झाले नाही' असेही म्हणता येत नाही. यंत्र तेव्हा प्रामाणिकपणे तिसरा शब्द वापरते : प्रलंबित.

तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे. पैसे कुठेच गेले नव्हते, कारण पैसा म्हणजे येथे केवळ नोंद. त्याच्या बँकेच्या वहीत 'वजा' लिहिले गेले होते. त्याची जोडीदार असलेली 'जमा' ही नोंद एक तर झालीच नव्हती, किंवा मध्यस्थ कंपनीच्या राखीव खात्यात झाली होती आणि दुकानाला कळली नव्हती. दोन वह्यांचा मेळ बसेपर्यंत ती रक्कम कोणाच्याच हातची नव्हती. पूर्वीच्या भाषेत बोलायचे तर हुंडी द्वारकेच्या वेशीत शिरली होती आणि सावळशा अजून सापडला नव्हता.

ही जोखीम कोणाची, याचे उत्तर भारतात टप्प्याटप्प्याने आले. ऑनलाइन मध्यस्थांनी दुकानदारांचे पैसे स्वतःच्या पैशांत मिसळू नयेत, वेगळ्या खात्यात ठेवावेत, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००९ मध्ये दिला. मार्च २०२० मध्ये या मध्यस्थांसाठी सविस्तर नियमावली झाली. सामान्य खरेदीदाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे परिपत्रक मात्र २० सप्टेंबर २०१९ चे. ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. खात्यातून पैसे वजा झाले आणि दुकानाला पोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेली यूपीआयची रक्कम पोचली नाही तर मुदत एका दिवसाची. मुदत टळली तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता.

कलम ४८ शी याची तुलना करून पाहावी. 'उशीर झाला तरी दावा नाही' येथून 'उशीर झाला तर न मागता भरपाई' येथवर आपण १२१ वर्षांत आलो. नकराईची जुनी कल्पना नव्या वेशात परत आली, असेही म्हणता येईल. ही प्रगती लहान नाही.

दुकानदाराच्या बाजूलाही एक शिस्त तयार झाली आहे, आणि ती समजावून घेताना आम्हांला पुन्हा पुन्हा जुन्या रोकडवहीची आठवण येत होती. प्रत्येक मागणीला एक क्रमांक असावा आणि पैसे कितीदाही पाठवले गेले तरी त्या क्रमांकापोटी ते एकदाच स्वीकारले जावेत, म्हणजे पैठ-परपैठ. ग्राहकाचा पडदा काय सांगतो यावर विसंबू नये. मध्यस्थाकडून आलेली पोच पाहूनच माल हलवावा. प्रलंबित मागणीला अपयशी समजून लगेच मोडीत काढू नये; वस्तू ठरावीक काळ त्या नावाने बाजूला ठेवावी, जशी व्ही.पी. पोस्टात राहत असे. पैसे उशिरा आले आणि वस्तू संपली असेल तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. रोज संध्याकाळी आपली वही आणि मध्यस्थाची वही यांचा ताळा घ्यावा. आणि ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगावे : तुमचे पैसे वाटेत आहेत, अमुक दिवसापर्यंत थांबा, तोवर पुन्हा भरू नका.

हे शेवटचे वाक्य त्या पडद्यावर नव्हते. ते असते तर आमचा चुकीचा सल्ला बहुधा टळला असता. पण दोष पडद्यावर ढकलून आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. न समजणाऱ्या गोष्टीत अधिकारवाणीने बोलण्याची सवय मास्तरांना असते. ती येथे एका मुलाला ८६० रुपयांना पडली.

४

इतिहास येथे संपवता आला असता. हुंडीपासून परिपत्रकापर्यंत, अनागोंदीपासून हक्कापर्यंत, असा सुबक आलेख निघतो. पण गडचिरोलीत बसून तो तसा पुरा होत नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या दोन्ही रकमा पाच दिवसांच्या मुदतीत परत आल्या. म्हणजे नियमाप्रमाणे कोणाचीही चूक झाली नाही आणि कोणतीही भरपाई देय नव्हती. ज्याच्या खात्यात पुरेशी शिल्लक आहे त्याला हे पाच दिवस म्हणजे किरकोळ गैरसोय. ज्याच्या खात्यात महिन्याचे जेवण आहे त्याच्यासाठी तेच पाच दिवस वेगळे असतात. नियम सर्वांना समान दिवस देतो. दिवसांचे वजन मात्र समान नसते.

याहून मोठा प्रश्न त्या जुन्या नोंदीशी जोडलेला आहे : फसलेला पैसा पाठवणाऱ्याकडे परत जातो. ऑनलाइन खरेदीत पाठवणारा म्हणजे ग्राहक, म्हणून परतावा हा त्याला न्याय वाटतो. पण या जिल्ह्यातील बहुसंख्य माणसे पैशाच्या वाटेवर दुसऱ्या टोकाला उभी असतात. त्यांना पैसे यायचे असतात : मजुरीचे, तेंदूपानांचे, धानाचे, शिष्यवृत्तीचे.

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राचीच. १९७२ च्या दुष्काळात येथे ती उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. पुढे मजुरी रोखीऐवजी बँक-पोस्टाच्या खात्यांतून देण्याचे ठरले. त्यामागचा हेतू चांगला होता. मुकादमाच्या हातून होणारी कपात थांबावी. पण त्याबरोबर 'रिजेक्ट' हा शब्द गावोगाव पोचला. खाते निष्क्रिय आहे, आधार जोडलेले नाही, नाव जुळत नाही, असे एखादे कारण संगणकाने दिले की मजुरी परत जाई. कुणाकडे? पाठवणाऱ्याकडे, म्हणजे शासनाकडे. हिशेबात एक रुपयाही हरवत नसे. वही स्वच्छ राही. माती उपसणाऱ्या बाईला मात्र नवा कागद, नवी झेरॉक्स, तालुक्याची नवी फेरी घडे, आणि कधी कधी कारणही कळत नसे.

त्या कायद्यान्वये मजुरीला पंधरा दिवसांहून अधिक उशीर झाला तर भरपाईची तरतूद होती : थकलेल्या मजुरीच्या दर दिवसाला ०.०५ टक्के. एका आठवड्याची मजुरी १,५०० रुपये धरली तर दिवसाला ७५ पैसे. दुसरीकडे १५० रुपयांच्या ऑनलाइन खरेदीतील अडकलेल्या पैशासाठी, मुदत टळल्यावर, दिवसाला १०० रुपये. दोन्ही तरतुदींची कारणे वेगळी, यंत्रणा वेगळ्या, हे आम्ही मान्य करतो. आधार-आधारित जमा व्यवहारात बँकेच्या पातळीवर झालेला उशीरही २०१९ च्या परिपत्रकात येतो, हेही सांगितले पाहिजे. पण तेथेही बँकेची जबाबदारी काय? जमा न होऊ शकलेली रक्कम एका दिवसात परत पाठवणे. परत पाठवली की तिचे कर्तव्य संपले. ज्याच्या श्रमाचे ते पैसे होते तो या वाक्यात कोठेच येत नाही.

तेंदूपानांच्या बाबतीत निराळे चित्र दिसते, आणि ते थोडे आशादायकही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या घटनेकडे आपण सहसा स्वशासनाच्या दृष्टीने पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण पैशाच्या प्रवासाच्या दृष्टीनेही तिचा अर्थ मोठा आहे. परवाना ज्याच्या हाती, माल अडवण्याचा अधिकार त्याच्या हाती. पैसे आल्याशिवाय परवाना फाडायचा नाही असे ग्रामसभेने ठरवले तर व्ही.पी.चे जुने तत्त्व येथे लागू होते : आधी पैसे, मग पुडके सुटेल. जेथे ग्रामसभांनी ठेकेदाराच्या शब्दावर आधी माल सोडला तेथे बाकी अडकल्याच्या तक्रारी गेल्या दशकात वर्तमानपत्रांतून वारंवार आल्या आहेत. गावाच्या हातात तेव्हा परवानाही उरत नाही आणि पोचही नसते.

हा सारा इतिहास पाहून आम्ही एका साध्या निष्कर्षाला आलो आहोत. फसलेल्या व्यवहाराचे नियम लिहिताना 'रक्कम सुरक्षित आहे का' हा प्रश्न सर्वांनी विचारला. हुंडीवाल्यांनी, टपालाने, बँकांनी. तो विचारायलाच हवा. पण 'ज्याला ती हवी होती त्याला ती केव्हा मिळेल' हा प्रश्न वेगळा आहे. नकराईत आणि जिकरी चिठ्ठीत त्याची जाण होती : अडलेल्याला त्याच गावात दुसऱ्या दारी पैसे मिळावेत, वरच्यांचा हिशेब वरचे मागाहून पाहतील. आजच्या यंत्रणेत वेग आहे, नोंद आहे, भरपाई आहे. ते दुसरे दार तेवढे नाही. प्रलंबित व्यवहाराचा भार जे सहज सोसू शकतात त्या बँका, मध्यस्थ आणि शासन यांनी तो सोसावा, आणि रोजच्या जेवणाशी बांधलेल्या माणसाला आधी मोकळे करावे, ही मागणी नवी नाही. आपल्याच पेढ्यांच्या वह्यांत ती होती.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही हे सारे सांगितले. हुंडीच्या गोष्टीत तो रमला. ७५ पैशांचा हिशेब ऐकून मात्र हसला. म्हणाला, "सर, मायची मजुरी दोनदा रिजेक्ट झाली होती. तेव्हा मला वाटलं, तिनंच काही चुकवलं असंन."

पुस्तक त्याला पुढे नागपूरहून येणाऱ्या एका सहकाऱ्याने आणून दिले. पैसे रोख दिले, पुस्तक हातात घेतले. आमच्या खोलीच्या भिंतीवर आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर आमच्यासाठी आणि विद्यार्थ्यांसाठी तीन ओळी आहेत : पैसे वजा झाले आणि पोच आली नाही, तर पुन्हा भरू नये. व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवावा. पाच दिवस मोजावेत, आणि त्या पाच दिवसांत खाणावळीचे पैसे नसतील तर या खोलीत येऊन सांगावे.